पकड आणि घसरण

नानांना कुठलीही सपाट वस्तू दिसली की ते तिच्यावर पालथा तळवा ठेवतात आणि हळूच गोल फिरवतात. नशिराबादच्या एका लग्नात त्यांनी हा प्रयोग नवरदेवाच्या मामाच्या पाठीवर केला. मामांना वाटलं, आशीर्वाद देताहेत. नाना मला म्हणाले, "कोट चांगला शे. पण माऊस अडकेल."

जामनेरच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी. मी जळगावहून एसटीने येतो, म्हणजे कामाला बसण्याआधीच दमलेला असतो. त्यात नाना. कॅलेंडरची पाठ, लग्नपत्रिका, केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, सगळ्यावर त्यांचा कॉम्प्युटरचा माऊस फिरवून झालाय. सनमायकावर हात सरकतो, पण पडद्यावरचा बाण उड्या मारतो. सतरंजीवर बाण शहाणा, पण माऊस ढकलावा लागतो. "माऊसला पकड पाहिजे भाऊ, हाताला घसरण." हे मी रोज ऐकतो.

हसायचा हक्क मला नाही. मी टेबलावर हौसेने काच बसवली, खाली देवांचे फोटो. माऊस चालेना. मी फुंकर मारली, सेल बदलले, माऊस आपटला, देवांकडे पाहिलं. नानांनी नुसता पुठ्ठा सरकवला. "काचेवर त्याला काही दिसत नाही. आपटून दिसेल का?"

पुठ्ठ्यावर माझा माऊस पळू लागला. म्हटलं, "मग हाच घरी न्या आणि मला सोडा."

"तुमचा हात धड शे, भाऊ."

मला तो टोमणा वाटला. वैतागून म्हणालो, "मग कॅरमवर फिरवा! आमच्या माळ्यावर मुलांचा लहान कॅरम पडलाय."

नाना थांबले. "कधी आणता?"

एसटीत कॅरम मांडीवर घेऊन बसलेला पन्नाशीचा माणूस कसा दिसतो, ते कंडक्टरच्या तोंडावर वाचता येत होतं. संध्याकाळी कॅरम नानांच्या घरी पोचवला. पलंगावर उशांना टेकून नानांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. लकव्यानंतर उजवा हात जेमतेम हलायचा. समोर कॉम्प्युटरवर पुण्याच्या नातीचे फोटो. नाना ते दाखवायला पुढे झाले की काकू चिडायच्या, "मन्हं मी देखसू." माझं मी बघेन.

कॅरम त्यांच्या मांडीवर ठेवला. मी, जुना खेळाडू, बोर्डावर मूठभर पावडर पसरली. माऊसच्या पोटातला डोळा पांढरा झाला आणि बाण जागीच गोठला. काकूंनी नानांना विचारलं, "हाऊ कोन शे?"

नानांनी बोर्ड पुसला, रुमालाच्या टोकाने माऊसचा डोळा पुसला. मग चिमूटभर पावडर काकूंच्या तळव्याच्या कडेला, मनगटाखाली चोळली. एकेक बोट सरळ करत, सावकाश.

हात सरकला. बाणही सरकला, अडखळत, पण उडी न मारता. फोटोपासून थोडा अलीकडे थांबला. नानांचा हात आपसूक पुढे गेला.

"हात काढा," काकू म्हणाल्या.

नाना स्टुलावर बसले आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले. बाण पोचला. नात पडदाभर हसली. मग पुढचा फोटो. मग त्याच्या पुढचा.

मी निघतो म्हटलं. नानांनी मान हलवली. हात मात्र मांड्यांखालून काढले नाहीत.