एका टिचकीत सगळे कैलासवासी

योगराज मागावरची नोकरी सोडून सुरतमधल्या उधन्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागला, तेव्हापासून "पोरगा दिवसभर टीव्हीसमोर बसतो" एवढीच त्याची भाऊबंदांत ओळख उरली होती. १९९८ सालच्या एका रविवारी ती पुसायची संधी आली. त्याने भाऊबंदांची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवली होती आणि ती पाहायला लिंबायतच्या मंदिरात सकाळीच चाळीसेक माणसं जमली होती. सोमवारी ती छापायला जायची होती.

पडद्यावर मूळपुरुषाची चौकट होती. ती उघडली की आत मुलांच्या चौकटी, त्यांच्या आत नातवांच्या. योगराजने चौकट एकच बनवली होती. तीच आपल्या पोटात पुन्हा पुन्हा जन्म घेत सात पिढ्या खाली उतरत होती.

"वाल्मिकअप्पा, तुम्ही वडीलधारे. मूळपुरुषाला 'कैलासवासी' तुमच्याच हातानं लावा," योगराज म्हणाला.

अप्पांनी दोन्ही हातांनी माऊस धरून बटण दाबलं. मूळपुरुष कैलासवासी झाले. पाठोपाठ त्यांचे मुलगे, नातू, पणतू आणि सर्वांत शेवटी स्वतः योगराज.

"बठ्ठा मरी ग्यात!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मन्हा नातूनं आजून बारसं बी नई व्हयनं!" भागीरथीकाकू कळवळल्या.

योगराजने घाईघाईत खूण काढली. सगळे जिवंत झाले, मूळपुरुषासकट. वय वर्षं एकशे अठ्ठ्याहत्तर. निदान बायकांची नावं तरी नीट बसतात का, म्हणून त्याने काकूंच्या यजमानांच्या, भिकनआबांच्या चौकटीत 'पत्नी: भागीरथी' असं लिहिलं. तत्क्षणी काकू एकशे बेचाळीस पुरुषांच्या पत्नी झाल्या.

भिकनआबा ताडकन उठले. "आरे, मन्ही बायको बठ्ठासना घर धाडी दिन्ही का तू?"

"आबा, चूक झाली. प्रत्येक चौकटीनं आपल्याच माणसाची नोंद वाचायला पाहिजे. मी सगळ्या एकाच नोंदीला जोडल्या."

"म्हंजे कारखानाना बठ्ठा मागेसले एकच स्विच?"

"तसंच."

"मंग ज्याना त्याले येगळा स्विच लाव ना!"

योगराजने प्रत्येक माणसाला क्रमांक दिला आणि ज्या चौकटीला जो क्रमांक, तिने तेवढीच नोंद वाचायची, अशी व्यवस्था केली. तोवर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मूळपुरुष पुन्हा वारले, बाळ जगलं, काकू आपल्या घरी परतल्या. जिवंत माणसांपैकी भिकनआबा तेवढे कैलासवासी राहिले.

"आते काय व्हयनं?" आबा गरजले.

योगराजने गठ्ठ्यातून त्यांच्या घराचा भरलेला फॉर्म काढला. "आता मशीन बरोबर आहे, आबा. कागदावरच तसं लिहिलंय."

अक्षर वाल्मिकअप्पांचं होतं; घरोघरचे फॉर्म त्यांनीच भरले होते. अप्पा आणि आबा सख्खे चुलतभाऊ. गावाकडच्या एका भिंतीवरून सहा वर्षं अबोला होता.

अप्पा भुईकडे बघत पुटपुटले, "सहा वरीस तू बोलना नई. मी काय समजू?"

"तू तरी कोठे बोलना?"

अप्पांनी स्वतःच माऊस ओढून ती खूण काढली.

आबांनी पडद्यावर आपलं नाव दोनदा वाचून खात्री करून घेतली. मग ते अप्पांकडे वळले.

"जित्ता व्हयनू ना मी? मंग आते सांग, ती भीत कोनी शे?"

दोघे तासभर मनसोक्त भांडले आणि एकाच रिक्षात बसून जेवायला गेले.