नाना ग्यांफींची वहाण

“अगं पेशन्स, मैदानात बावीस धटिंगण, बाहेर हजारो डोकी, आणि शिट्टी एकट्या माझ्या तोंडात! मी पेनल्टी म्हटलं की पेनल्टी. कुणाची टाप होती मला विचारायची? आणि आता तर अख्खं गाव माझं!”

असुआनो गावाचे नवे राजे नाना ग्यांफी दुसरे आरशासमोर उभं राहून बायकोला हे ऐकवत होते. उभा जन्म त्यांनी कुमासी शहरात फुटबॉलचा रेफरी म्हणून काढला होता. मामा वारले, गादी रिकामी झाली आणि राजमातेने आपल्या बहिणीच्या या मुलावर बोट ठेवलं. गादीवर बसवताना गावाने एकेक अट मोठ्याने ऐकवली होती. विचारल्याशिवाय काही करायचं नाही, गावाची जमीन परस्पर द्यायची नाही, सांगितलेलं कानात घ्यायचं. नाना प्रत्येक अटीला ‘हो’ म्हणत गेले. मोबाइलवरचं बारीक अक्षर न वाचता आपण ‘मान्य’ दाबतो ना, अगदी तसं!

“आज नदीकाठची जागा तवियाला देऊन टाकतो. हॉटेल बांधायचंय त्याला. जुना दोस्त आहे, शब्द दिलाय मी.”

“अहो, आणि तिथे मासे धुरावर वाळवणाऱ्या बायका कुठे जातील?”

“जातील कुठेतरी! राजा कोण, मी की त्या?”

“तुम्हीच. पण लंगडताय का?”

“राजा लंगडत नसतो, रुबाबात चालतो!” असं म्हणून नाना लंगडत बाहेर पडले.

दोष त्यांचा नव्हता, वहाणांचा होता. सोन्याच्या पत्र्याने मढवलेल्या त्या वहाणा मामांच्या. मामांची पावलं नाजूक, आणि भाच्याची मैदानं तुडवून फावड्यासारखी पसरलेली. पण काढायची सोय नाही! असुआनोच्या राजाचा उघडा पाय भुईला लागला की तो राजा राहत नाही. गादीवरून उतरवायचं असलं तर कारभारी मंडळी भांडत नाहीत की हात उगारत नाहीत, नुसती पायातली वहाण काढून घेतात. झालं, दुसरा शोधायला मोकळे!

सभेला सगळं गाव जमलं होतं. राजासमोर यायचं म्हणून सगळ्यांनी आपापल्या चपला बाहेर सोडल्या होत्या आणि ती मोकळी, सुखी बोटं बघून नानांच्या पोटात दुखायला लागलं. ते छत्राखाली बसले. पाय खालच्या मेंढीच्या कातड्यावर, डावीकडे राजमाता सेरवा, म्हणजे त्यांची सख्खी मावशी, आणि उजवीकडे हातात काठी घेतलेला अफ्रिये. राजाने लोकांशी थेट बोलायचं नसतं. त्याने अफ्रियेच्या कानात सांगायचं आणि अफ्रियेने ते गावाला ऐकवायचं.

“सांग त्यांना,” नाना पुटपुटले, “जागा माझी आहे. मी ती देणार. तोंड बंद ठेवा!”

अफ्रियेने काठी आपटली. “नाना म्हणतात, जागा पूर्वजांची आहे, आपल्या सगळ्यांची आहे. ती नानांकडे फक्त सांभाळायला दिली आहे. तिच्याविषयी सगळ्यांनी मोकळेपणाने तोंड उघडावं!”

“अरे, हे कधी म्हटलं मी?”

“मथितार्थ तोच, नाना.”

लोकांनी तोंडं उघडली. आधी कारभारी बोलले, मग तरुणांचा म्होरक्या बोलला, मग मासेवाल्या बायका बोलल्या आणि थांबेचनात. इकडे उजव्या अंगठ्याला आग लागली होती. नानांनी अंगावरच्या वस्त्राआड हळूच उजवी वहाण काढली आणि पाय कातड्यावर टेकवला. काय सांगू महाराजा, साक्षात स्वर्ग!

त्या सुखाच्या भरात ते अफ्रियेला म्हणाले, “सांग, या बायकांची वटवट पुरे झाली. हा सगळा गाढवपणा आहे!”

“नाना म्हणतात,” अफ्रिये गरजला, “या माउलींचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं. आपण त्यांना आधीच विचारलं नाही, हाच गाढवपणा झाला!”

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नानांचं डोकं फिरलं. मैदानात असते तर त्यांनी लाल कार्ड काढलं असतं. इथे कार्ड नव्हतं, म्हणून त्यांनी रागाने पाय झाडला. नेमका उजवा! वहाण कातड्यावरून सुटली ती सर्रकन डावीकडे कुठेतरी गडप झाली.

नानांनी पायाने चाचपलं, कातडं संपलं. पुढे नुसती भुई. म्हणजे पाऊल पडलं की राजेपण खलास!

बोलणारे दमले. सभा संपत आली. पण राजा उठल्याशिवाय कुणी उठायचं नसतं. सगळे नानांकडे बघत होते आणि नाना समोरच्या झाडाकडे.

“हटून बसलेत!” म्होरक्या कुजबुजला. “जागा घेतल्याशिवाय उठणार नाहीत.”

“मग आपणही हटत नाही!” एक कारभारी म्हणाला, आणि सगळी भाषणं पहिल्यापासून सुरू झाली.

ऊन चढलं. नानांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पण राजाने चारचौघांत खायचं नसतं. अखेर भाषणं तरी थांबतील म्हणून ते कळवळून म्हणाले, “अफ्रिये, सांग बाबा, जागेचा विषय सोडला. बायकांची जागा बायकांनाच!”

या वेळी अफ्रियेने शब्द न शब्द जसाच्या तसा सांगितला. ढोल वाजले, बायका नाचल्या. नाचून झाल्यावर सगळे पुन्हा नानांकडे बघू लागले. नाना जागचे हलले नाहीत.

“अजून काही द्यायचं मनात दिसतंय!” एक बाई म्हणाली. “मागा गं, मागा!”

बाजारात संडास मागितले. नाना हो म्हणाले. पाण्याचा पंप मागितला, हो. राजाने गावाबाहेरच्या कुणालाही परस्पर शब्द देऊ नये, असं कारभाऱ्यांनी मागितलं. नानांनी रडवेल्या चेहऱ्याने त्यालाही मान डोलावली. इतका दिलदार राजा असुआनोने पाहिला नव्हता! पण दिलदारपणाने वहाण थोडीच परत येते?

तेवढ्यात राजमाता त्यांच्याकडे झुकली. राजाला तोंडावर झापायचा हक्क गावात तिचा एकटीचा.

“काय रे ग्यांफी, पायाला मुंग्या आल्या का?”

“मावशी, वहाण हरवली गं!”

“हरवली कशाने? माझ्या पायाखाली आहे. मघापासून.”

“मघापासून? मग दिली का नाहीस?”

“तू इतका शहाण्यासारखा वागत होतास, म्हटलं कशाला मध्ये पडा!”

“दे ना गं. गादी जाईल माझी.”

“जाईल तर. मीच बसवलंय, ‘राजाचा पाय उघडा’ अशी आरोळीही मीच ठोकेन. त्या तवियाचं काय?”

“राजाचा शब्द गेलाय, मावशी…”

“राजाचा शब्द अफ्रियेच्या तोंडून जातो. तुझ्या तोंडून गेला तो रेफरीचा. तो परत घे.”

“घेतला!”

मग वस्त्राआडून काहीतरी सरकत आलं. नानांनी पाय कोंबला, दातओठ खाल्ले आणि ते उठले. सारं गाव एका आवाजात ओरडलं. बायकांनी जागच्या जागी गाणं रचलं, की आमचा राजा डोंगरासारखा बसला, दिवसभर बसला, नदी वाचवूनच उठला.

संध्याकाळी पेशन्स नानांच्या अंगठ्याला तेल लावत होती.

“बघितलंस? अख्खं गाव बसवून ठेवलं मी!” नाना म्हणाले. “आता पहिला खराखुरा हुकूम सोडतो. एक नंबर मोठ्या वहाणा करा! यात तरी कुणाचं काय जातंय?”

अफ्रिये निरोप घेऊन गेला आणि बऱ्याच वेळाने काठी टेकत परत आला.

“नाना, कारभारी मंडळींना कल्पना पसंत पडली. फक्त पूर्वजांच्या वहाणांचं माप बदलायचं म्हणजे राजमातेची संमती हवी, तरुणांना विचारायला हवं, बायकांचंही म्हणणं आहे. विषय पुढच्या सभेत घेतील.”

“आणि त्या सभेला मी काय घालून येऊ?”

अफ्रियेने अदबीने खाली बघितलं.

“याच, नाना.”