पौषातला कूलर

मोरेश्वर पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रातपाळीला होता, म्हणजे गाव उठलं की त्याची झोपायची वेळ होई. नेमकी तीच वेळ शेजारच्या देवकाबाईंची बोलायची. त्या आपल्या ओट्यावर, मनकर्णाबाई समोरच्या ओट्यावर, आणि मधल्या रस्त्यावरून बोलणं ये-जा करी. आवाजाचं मोरेश्वरला काही नव्हतं. त्रास विषयांचा होता. रामाकोना गावच्या कुणा सुनेनं सासूच्या चहात मीठ टाकलं, इथपर्यंत कानावर आलं की पुढे सासूनं काय केलं हे कळेपर्यंत त्याचा डोळा लागत नसे. आणि देवकाबाई नेमक्या तिथेच वांग्यांवर घसरत.

परिणामी तो कामावर पेंगू लागला. मालकानं शांतपणे सांगितलं, की पुन्हा झोपलेला दिसलास तर कायमचा घरीच झोप.

मोरेश्वरनं माळ्यावरचा कूलर काढला, खिडकीत बसवला आणि पाणी न भरता सुरू केला. त्या घरघरीत सून, सासू, वांगी, सगळं बुडालं. तो गोधडीत शिरला आणि धोंड्यासारखा झोपला. त्याची बायको सरला मफलर बांधून पोळ्या लाटू लागली.

भर पौषात कूलर चालू, ही बातमी देवकाबाईंनी स्वतःपुरती ठेवली नाही. दुपारपर्यंत मोरेश्वरच्या अंगात आग उठते असं ठरलं, संध्याकाळपर्यंत ती डोक्यात गेली. मग एकेक जण येऊन, त्याला हलवून जागं करून, झोप नीट लागते का ते विचारू लागला. खरं सांगावं तर ते देवकाबाईंच्या तोंडावर सांगावं लागलं असतं, आणि त्या तर ताकाचा लोटा घेऊन त्याच्या उशाशी बसलेल्या.

सौंसरहून सरलाचा भाऊ गुणवंता आला. "भाऊजी, जामसांवलीच्या मारुतीले चाला. तिथं डोक्याचं दुखणं उतरते."

"मले काई नाई झालं, बाप्पा."

"ज्याले होते, तो असाच म्हणते."

जामसांवलीला ही गर्दी, घंटा, झांजा, आरती. त्या सगळ्या गलक्यात मारुतीराय मात्र निवांत आडवे पडलेले, मूर्तीच तशी घडलेली. कुणीतरी आपल्याला समजून घेतलं, असं मोरेश्वरला पहिल्यांदाच वाटलं. तो खांबाला टेकला आणि दिवेलागणीपर्यंत घोरत राहिला. गुणवंतानं तो बरा झाल्याचं जाहीर केलं, आणि दुखणं उलटू नये म्हणून कूलर सौंसरला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी देवकाबाईंनी आळीला ताकीद दिली, आजारातून उठलेला माणूस आहे, हळू बोलायचं. मनकर्णाबाई रस्ता ओलांडून त्यांच्या ओट्यावर आल्या आणि दोघी कुजबुजू लागल्या. मोरेश्वरनं खाट त्यांच्या बाजूच्या भिंतीला लावली, मग कान भिंतीला लावला. "आन् मंग ते विहिरीपाशी..." एवढंच आलं. पुढचं भिंतीनं ठेवून घेतलं.

रात्री जिनिंगवर उभं राहायचं होतं. तो उठून बाहेर आला, आपल्या ओट्यावर बसला.

"मावशी, जरा जोरानं सांगा ना. आयकू येऊन नाई राहिलं."

देवकाबाईंना भरून आलं. आयुष्यात त्यांचं बोलणं असं कुणी मागून ऐकलं नव्हतं. त्यांनी रामाकोन्याच्या त्या सुनेच्या आजोळापासून सुरुवात केली, मोकळ्या आवाजात. विहीर अजून पुष्कळ लांब होती, तोच भिंतीला टेकलेला मोरेश्वर घोरू लागला.

"काहून थांबल्या वं? सांगा ना," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"नाई सांगत. मांगणाराच झोपला," देवकाबाई म्हणाल्या, आणि खरंच गप्प झाल्या.

त्या शांततेनं मोरेश्वर दचकून जागा झाला.