तपशील पुढे येईल

जगाचे सर्व व्यवहार विश्वासावर चालतात, आणि म्हणूनच ते तपासायला यंत्र लागतं. या कचेरीतल्या यंत्राला 'तपासनीस' म्हणत. प्रोग्राम वरून खाली वाचायचा, आणि आधी ओळख करून न दिलेला शब्द दिसला की तिथेच ठाण मांडायचं, एवढंच त्याचं काम.

कचेरीतली सगळ्यात हुशार प्रोग्रामर म्हणजे छोटी. तिला साहेब यंदा कायम करणार होते (कसं, ते पुढे येईलच). घरमालक कायम नोकरीवाल्यांनाच खोली द्यायचा. त्यामुळे छोटीच्या आईने भांडी आधीच कागदात गुंडाळून ठेवली होती आणि मायलेकी एकाच ताटात जेवत होत्या.

अट एकच: नोकरवर्गाचा प्रोग्राम तपासनिसाकडून पास करून घ्यायचा. छोटीने लिहिलं, कर्मचारी म्हणजे ज्याच्या डोक्यावर साहेब आहे. घोडं अडलं. साहेब कोण? बरं बाबा, साहेब आधी. साहेब म्हणजे ज्याच्या हाताखाली कर्मचारी आहे. मग कर्मचारी कोण? (असले प्रश्न कचेरीत आजवर कोणी विचारले नव्हते.)

शेवटी छोटीने प्रोग्रामच्या भाषेतली एक अधिकृत सवलत शोधून काढली. सुरुवातीला नुसतं नाव जाहीर करायचं आणि तपशील पुढे येईल म्हणायचं. तपासनीस निमूट पुढे सरकला! साहेब इतके खूश झाले की कचेरीभर हीच पद्धत लागू झाली. बैठक आधी, विषय पुढे. सत्कार आधी, काम पुढे. कामाचा वेग दुप्पट झाला (कशाच्या दुप्पट, ते पुढे).

मग साहेबांनी स्वतः एक ओळ सांगितली. "लिही. कायम कर्मचारी म्हणजे ज्याची शिफारस एखाद्या कायम कर्मचाऱ्याने केली आहे."

"पण साहेब, पहिला कुठून आणायचा?"

"अगं, तपासनीस काय म्हणतो ते बघ ना."

तपासनीस काहीच म्हणाला नाही. शब्द सगळे ओळखीचे होते. चुका शून्य. कायम कर्मचारीही शून्य, कारण साहेबसुद्धा गेली कित्येक वर्षं हंगामीच होते. छोटीला रडूच फुटलं. जिने वाट काढून दिली, तिच्याच हाताने दार लावून घेतलं होतं.

घरी आईने दारातच विचारलं, "झालीस का गं कायम?"

"जाहीर झालंय, आई. तपशील पुढे येईल."

"मग झालं तर!" म्हणत आईने उरलेलं ताटही पुसून कागदात गुंडाळलं.

आईला हसू नका. 'कसं, ते पुढे येईलच' एवढ्यावर मान डोलावून तुम्हीही इथवर आलातच की.