पारोळ्यात खुनी मिळेना

इतिहासाचं रहस्य कितीही खोल गाडा, एक ना एक दिवस ते वर येतंच. पारोळ्यात ते बाजाराच्या दिवशी येतं, कारण त्या दिवशी ऐकायला माणसं असतात.

निवृत्त शिक्षक शालिग्राम मास्तरांनी १९८७ साली एक ऐतिहासिक खूनकादंबरी लिहिली. तीत किल्ल्याचं भुयार होतं, भुयारात खजिना आणि खजिन्यावर एक मयत. (हे भुयार आपल्याच न्हाणीघराखालून जातं, असं गावातलं प्रत्येक घर सांगतं, त्या हिशेबाने पारोळं जमिनीवर कमी आणि भुयारावर जास्त वसलेलं आहे.) दिवाळीच्या आत पुस्तक हातात घ्यावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती. धुळ्याचे छापखानेवाले रतिलालशेठ छपाईचे खिळे जुळवून तयार होते.

पण गावाला न विचारता काही करणं मास्तरांच्या रीतीत बसेना. पानसुपारी ठेवून त्यांनी कादंबरी ओट्यावर वाचून दाखवली. तिथेच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर ऐकायला बसलेले कौतिक आबा दारात उभे.

"मास्तर, आमना पंजोबाले काबर नही मारं? आम्हीन काय परका शेतस?"

"आबा, मयत एकच आहे हो."

"मंग वाढाडा! लगनमा पंगत कमी पडनी ते दुसरी बठाडतस ना?"

मुद्दा बिनतोड होता. मारला गेला तो खजिन्याचा मूळ धनी, आणि त्याचे वंशज वारस. सबब मास्तर आडनावागणिक खून वाढवत गेले. अकराव्या प्रकरणात भुयारात मरायला जागा उरली नाही. (एकाला दाराबाहेर मारावं लागलं, त्याचे वंशज अजून मास्तरांशी बोलत नाहीत.)

खुनी व्हायला मात्र कुणाचाच पूर्वज मोकळा नव्हता. मास्तरांनी शिंदखेड्याहून एक खुनी आणवला, तर त्यांच्या पत्नी मंजुळाबाई म्हणाल्या, "माझं माहेरच दिसलं का तुम्हाला?" चहा बंद झाला. शेवटी मास्तरांनी स्वतःच्या पणजोबांनाच पुढे केलं. तेव्हा चुलत्यांनी फराळाचं बोलावणं मागे घेतलं.

दिवाळी उंबऱ्याशी आली. रतिलालशेठ म्हणाले, "मास्तर, माझे खिळे अडकलेत. कुणालाही लटकवा, पण लटकवा!"

मास्तरांनी जड मनाने खुन्याच्या नावाच्या जागी टिंबं टाकली. पुस्तक निघालं, आणि काय सांगावं, खपलं! ज्याने त्याने टिंबांवर आपापल्या शेजाऱ्याचं नाव भरलं. एवढं एकमत पारोळ्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

वाचनालयातली प्रत आता आपल्या हाती आहे. शेवटच्या पानावर मास्तरांची एक बारीकशी विनंती आहे: नाव पेन्सिलीनेच लिहावं. पुढच्या वाचकाला तिथे तुमचं लिहायचं असतं.