साच्यातली हिरवी वेल

"हात सैल सोड, बाई. मुठी आवळल्या तर बांगडी रुसते."

सव्वीस वर्षांपूर्वी करमाडला, आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, जानवशाच्या भिंतीपलीकडून कासाराचा हा मऊ आवाज मी ऐकला होता. पलीकडे करुणाच्या हातात चुडा भरत होते. तेव्हा वाटलं, किती गोड बोलतो हा माणूस! त्याच काचेनं परवा माझी झोप उडवली.

झालं असं, की करुणा आठ दिवस माहेरी गेली आणि मी ठरवलं, तिला काचेचा ओटा करून द्यायचा! घरच्या घरी! चिकलठाण्याच्या कंपनीत बावीस वर्षं साचे बनवणारा माणूस मी; माझ्यापुढं ओटा म्हणजे काय? प्लायवूडचा साचा करायचा, तळाला रंगीत काचा मांडायच्या, वर सिमेंट ओतायचं, वाळलं की उलटं करून पॉलिश. बस्स!

पहिल्याच दिवशी जुना कडप्पा फोडला. आता माघार नाही.

रोजचा फोन आला. "जेवलात का? कंपनीत नीट पोचलात ना?" घरात फोन आल्यापासून एक दिवस चुकला नाही. कंपनीत सगळे हसतात, "साहेबराव, वहिनींची हजेरी आली!" रजा टाकलेली लपवून मी म्हणालो, "पोचलो, पोचलो!"

औषधाच्या, सरबताच्या बाटल्या फोडून पांढरा रंग झाला, तपकिरी झाला. हिरवा कुठून आणू? मला तर कडेनं हिरवी वेल हवी होती, ओवीतल्यासारखी, अंगणभर पसरणारी. समोरच्या सारजाबाईंच्या दारात गेलो.

"काकू, फुटक्या बांगड्या आहेत का? चार घरच्या गोळा करतोय."

त्यांच्या हातची परात खाली पडली. "आवं, सवाष्णीच्या दारात काय बोलता हे! वाढली म्हणावं, वाढली! अन् मागत काय फिरता? लई अभद्र!"

तासाभरात गल्लीतली दारं मला बघून लाजाळूसारखी मिटायला लागली. आणि फोन वाजला.

"अहो, सारजाकाकू काय म्हणतात? छातीत दुखतंय का तुमच्या? खरं सांगा!"

"नाही गं!"

"मी परवाच येते!"

ओटा नाही, शेगडी जमिनीवर, आणि आठ दिवसांचे उरले दोन! हिरवं शोधत स्वयंपाकघर उपसलं. मसाल्याच्या डब्यामागं एक पुरचुंडी निघाली. आत मूठभर हिरव्या काचा! पुढचा विचार न करता वेल मांडली, लवकर घट्ट होणारं सिमेंट ओतलं आणि साच्याभोवती बाळंतघराबाहेरच्या बापासारखा फेऱ्या मारत बसलो.

ती येणार त्या दुपारी फरशी पॉलिशवाले याह्याभाई मशीन घेऊन आले, सोबत दोन माणसं. ओटा उलटा केला, चौथऱ्यावर बसवला, घासला. वेल अशी उजळली की मीच हरखलो!

याह्याभाई नळाकडे बघत राहिले. "साहेबरावभाई, नल इधर... और सिंक का छेद उधर?"

साचा उलटला की डावं ते उजवं होतं, हे मी बावीस वर्षं नव्या कामगारांना शिकवतो!

तेवढ्यात दारात पिशवी टेकल्याचा आवाज. करुणा! तिनं आधी मला आपादमस्तक पाहिलं, मग ओटा. वेलीवरून बोट फिरवता फिरवता थांबली.

"ही काच कुठली?"

"मसाल्याच्या डब्यामागची... चुकलं का गं?"

ती खालीच बसली. याह्याभाई हळूच मशीनची वायर गुंडाळायला लागले.

"चुडा भरताना माझ्या तीन बांगड्या वाढल्या होत्या. हळदीच्या तोंडावर! कुणी बघायच्या आत मी पदरात बांधल्या. कासारबाबा पण गप्प राहिले. टाकवेनात, कुणाला सांगवेना. तुम्ही दाराबाहेर पडलात की जीव टांगणीला. म्हणून तो रोजचा फोन."

मी तिला हात देऊन उठवलं.

तिनं डोळे पुसले, वेलीवर हात दाबून पाहिला. "आता बसल्या पक्क्या. सिमेंटात. आता नाही करायची मी फोन." मग तिची नजर सिंकच्या छेदाकडे गेली. "पण अहो, भांडी घासायची कुठं? शेगडीवर?"

सोमवारी कंपनीत पोचलो. दहा वाजले, अकरा वाजले, फोन नाही. शेवटी मीच लावला.

"अगं... पोचलो बरं का!"