रोगट तुरीचा मान

"अप्पा, मंगळवारी पुण्याहून समितीची माणसं शेत बघायला यायलीत," मंजुश्रीनं लातूरच्या होस्टेलवरून फोन केला आणि बसवराज अप्पांच्या अंगात उत्साह संचारला. मुरुडच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं आणि गावाबाहेर चार एकर रान. येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आठ दिवसांवर आलेली. येळवशीला रानात पाहुणे बोलवायचे, कडब्याची कोप घालायची, आंबील पाजायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पुण्याचे पाहुणे म्हणजे अप्पांच्या लेखी आधीच आलेली येळवसच होती.

"तू काई काळजी करू नको, माय. पाहुण्यांनी नावं ठेवावी असं मी रानात काई ठेवत न्हाई," ते म्हणाले आणि दुर्दैवानं त्यांनी शब्द पाळला.

मंजुश्रीनं एम.एस्सी. कृषी केलं होतं आणि पीएच.डी.साठी संशोधन शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. हा तिसरा अर्ज. पहिल्या दोन्ही वेळी 'प्रत्यक्ष शेतातला पुरावा अपुरा' असा शेरा येऊन अर्ज परत आले होते. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे यंदा मिळाली तर मिळाली, नाहीतर पीएच.डी.ला रामराम. म्हणून या खेपेला तिनं पुरावा घरच्याच रानात धरून ठेवला होता. विहिरीकडच्या तुकड्यात तुरीला दरवर्षी मर रोग यायचा. उभी झाडं उबळून, जागीच वाळून जायची आणि त्यांच्या मधोमध काही झाडं मात्र हिरवीगार राहायची. ती का राहतात, हाच तिचा विषय होता. रोगट झाडांना तिनं लाल दोरा बांधला होता, तगलेल्यांना पांढरा.

सोमवारी दुपारी ती एस.टी.तून उतरली ती थेट रानात गेली. अप्पा कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली, पण चेहऱ्यावर समाधान, असे बांधावर उभे होते. तुकडा आरशासारखा स्वच्छ होता. अधूनमधून पांढऱ्या दोऱ्याची हिरवी झाडं डुलत होती आणि लाल दोरा औषधालाही उरला नव्हता.

"अप्पा, रोगट झाडं?"

"उपटली! एकूण एक. दोन दिवस लागलो मी आन् तुझी आई."

"उपटली?"

"मग काय तसंच ठेवू? एवढे मोठे साहेब यायलेत, आन् त्यांच्यापुढं वाळकी, मेलेली तूर? इज्जत हाय का न्हाई आपली?"

मंजुश्री मटकन बांधावरच बसली. "अप्पा, ते मेलेली तूरच बघायला यायलेत. शेजारची मेली म्हणून तगलेलीला किंमत हाय. आता नुसती चांगली तूर बघून ते म्हणतील, इथं रोगच न्हाई."

लेकीची चार वर्षांची मेहनत आपण दोन दिवसांत निंदून काढली, हे अप्पांच्या ध्यानात आलं.

"कुठं टाकली ती झाडं?" मंजुश्रीनं शेवटच्या आशेनं विचारलं.

उत्तर तिच्या आईनं, उमादेवीबाईंनी दिलं. कोपीजवळच्या चुलीवर समितीसाठी आंबील शिजत होती. त्यांनी चुलीकडं बोट दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "अय्यो, लई मस्त जळायलीत."

यावर मंजुश्री रडली असती तर अप्पांना बरं वाटलं असतं. ती उठून उरलेली पांढऱ्या दोऱ्याची झाडं मोजायला लागली. तेव्हा अप्पांनी टोपी सारखी केली आणि रोगट तूर मागायला ते गावात निघाले. गावात सगळ्यांनाच मर लागलेली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्यांदा ते संगप्पाकडं गेले. संगप्पाची तूर रस्त्याच्या कडेनं हिरवीगार आणि चार ओळी आत गेलं की स्मशान.

"संगप्पा, दहा-बारा उबळलेली झाडं पायजेत."

"माझ्यात? कोण म्हणलं माझ्यात मर हाय?" संगप्पा खाटेवरून उठूनच उभा राहिला. तो दरसाल गावाला बियाणं विकायचा. "व्यंकटच्या रानात बघा."

व्यंकटनं उन्हाळ्यात सगळ्यांना सांगून भारीचं औषध आणलं होतं. "अप्पा, माझ्या तुरीला साधी शिंक न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं पंचफुलाबाईकडं पाठवलं. पंचफुलाबाईच्या पोराची सोयरीक जमत आली होती आणि पाहुणे रान बघून गेले होते. तिनं दारातूनच हात जोडले. चार वाजेपर्यंत अप्पा अकरा घरं फिरले आणि अकराही घरांत तूर ठणठणीत निघाली.

शेवटी हॉटेलात चहाचा कप आदळून अप्पांचा तोल गेला. "अरे, लपवायलाव काय? पुण्याचे साहेब उद्या रोगट तूरच बघायला यायलेत! रोगावरच शिष्यवृत्ती हाय!"

त्यांना म्हणायचं होतं मंजुश्रीची. पण हॉटेलातून निघालेली खबर वेशीपर्यंत जाईतो तिला हातपाय फुटले. दिवेलागणीला गावात एवढंच उरलं होतं की ज्याची तूर जास्त रोगट, त्याला पुण्याहून शिष्यवृत्ती.

मंगळवारी सकाळी आठ वाजता अप्पा रानात पोचले तर बांधावर जत्रा भरलेली. पंचफुलाबाई डोक्यावर भारा घेऊन सगळ्यांच्या पुढं होती. व्यंकटनं मोटारसायकलला तुरी बांधल्या होत्या. संगप्पा तर ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आला होता.

"काल तर तुझ्यात मर नव्हती?" अप्पांनी विचारलं.

"काल तुम्ही कशाला पायजे ते कुठं सांगितलं? बघा, मुळापासून खलास हाय! माझ्याएवढी मर गावात कुणाची न्हाई."

"ही मर व्हय?" व्यंकट मधे पडला. "पाणी न देऊन वाळवली हाय यानं. खरी मर माझी. एवढं भारी औषध मारलं तरी हाटली न्हाई!"

"तुझं औषधच खोटं होतं."

"आन् तुझं बियाणं?"

कालपर्यंत जिवापाड झाकलेलं सगळं दोघांनी एका दमात चव्हाट्यावर मांडलं. मंजुश्री क्षणभर कपाळाला हात लावून उभी राहिली. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिनं आईच्या हातातला विळा घेतला आणि एकेक खोड उभं चिरायला सुरुवात केली. आत काळपट रेघ असली की मर खरी, नसली की झाड बाजूला. खऱ्या झाडाला ती चिठ्ठी बांधू लागली. मालकाचं नाव, गट नंबर, बियाणं कुठलं, आधीचं पीक कोणतं. लोक न विचारताही सांगत होते.

अकराला समिती आली. एक वयस्कर मॅडम आणि एक चष्म्याचे साहेब. मंजुश्रीनं काही लपवलं नाही. "माझा प्लॉट अप्पांनी उपटला, मॅडम. ही गावातली झाडं हायत."

अप्पांनी हात जोडले. "चूक माझी हाय. पाहुण्यांपुढं रोगट पीक ठेवायला जीव धजला न्हाई. लेकीला शिक्षा करू नका."

मॅडमनी ढिगातली पंधरा-वीस झाडं उलटीसुलटी करून पाहिली, चिठ्ठ्या वाचल्या आणि मग ट्रॉलीला टेकून खूप वेळ हसल्या.

"तीस वर्षं मी मर रोगावर काम करतेय," त्या म्हणाल्या. "आजवर प्रत्येक बांधावर ऐकलंय, आमच्यात नाही, शेजाऱ्याला विचारा. अख्खं गाव रोग घेऊन दारात आलेलं पहिल्यांदाच बघतेय. मंजुश्री, एका तुकड्यावर कशाला, सगळ्या गावाचाच अभ्यास कर. आठ दिवसांत सुधारित आराखडा पाठव. शिफारस मी आजच लिहिते."

अप्पांनी डोळे पुसले आणि धूर लागला म्हणून सांगितलं. शिष्यवृत्ती रोगाला नसून मंजुश्रीला आहे हे कळल्यावर बांधावर थोडी कुजबुज झाली, पण आंबिलीचे पेले फिरले तशी ती निवली.

चष्म्याच्या साहेबांनी गावचा नकाशा पसरला. रोग सापडलेल्या रानांवर लाल ठिपका, निरोगी रानावर हिरवा. संगप्पा लाल, व्यंकट लाल, पंचफुलाबाई लाल. प्रत्येकजण आपला ठिपका वाकून बघून घेत होता.

"हे तुमचं रान. इथं रोगट झाड एकही नाही," साहेब अप्पांना म्हणाले आणि त्यांनी हिरवा पेन उचलला. "निरोगी."

"बसवराज अप्पांचं काईच न्हाई?" संगप्पानं कीव केल्यासारखं विचारलं. "पोरगी एवढी शिकली, आन् बापाचा साधा एक ठिपका न्हाई!"

बांधावर हशा पिकला. अप्पांचा चेहरा पडला. ते तरातरा चुलीकडं गेले, वाकले, राखेत हात घातला आणि अर्धवट जळालेलं एक खोड ओढून काढलं. बुडख्याला लाल दोऱ्याचा तुकडा अजून चिकटलेला होता.

"थांबा साहेब, तो हिरवा पेन ठेवा खाली!" ते धापा टाकत म्हणाले. "चिरून बघा. सगळ्या गावाच्या आधी आमचीच तूर मेलीय. ठिपका जरा मोठा काढा."